कमी नायट्रोसामाइनची तंबाखू: पानातील आकडा आणि माणसाची सुरक्षितता

निपाणी परिसरातील तंबाखू पिकवणाऱ्या कुटुंबातल्या एका कृषी पदवीधराने तीन प्रश्न विचारले आहेत. बियाणे विकायला आलेल्या प्रतिनिधीने ‘कमी नायट्रोसामाइन’ (नायट्रोसामाइन म्हणजे तंबाखूत सापडणारी कर्करोगकारक संयुगे) असलेल्या वाणाची शिफारस करताना ही तंबाखू आरोग्याला सुरक्षित असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे सांगितले. ते कितपत खरे? कापणीच्या दिवसांत आईला संध्याकाळी चक्कर येऊन उलट्या होतात, त्याचा पिकाशी संबंध आहे का? आणि चुन्याबरोबर तंबाखू खाणाऱ्या वडिलांनी निकोटिनचे च्युइंगगम सुरू करावे, की तेही विषच? तंबाखूतील अल्कलॉइड, म्हणजे निकोटिन आणि त्याच्यासारखे पदार्थ, मोजण्याच्या कामात माझी जवळपास तीस वर्षे गेली आहेत. त्या आधारावर सविस्तर उत्तर देत आहे. सुरुवात मात्र आईपासून करतो, कारण तिथे उद्याच काही करता येण्यासारखे आहे.

तुम्ही सांगितलेली लक्षणे हिरव्या तंबाखूच्या बाधेशी जुळतात. निकोटिन पाण्यात सहज विरघळते आणि त्वचेतून शरीरात शिरते. पहाटेचे दव पानांवर साचले की त्यात निकोटिन उतरते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने नोंदवल्याप्रमाणे 100 मिलिलिटर दवात ते 9 मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे ओल्या साडीने किंवा ओल्या बाह्यांनी सकाळभर काम करणाऱ्या बाईच्या अंगाला जे पाणी लागून राहते, ते निकोटिनचे सौम्य द्रावण असते. मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर, पोटात पेटके, गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे काम संपल्यावर काही तासांनीही सुरू होतात, त्यामुळे संध्याकाळी झालेल्या त्रासाचा सकाळच्या कामाशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. 1992 च्या हंगामात केंटकी राज्यात 47 जणांना याच त्रासामुळे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले होते. आपल्याकडे गुजरातमधील तंबाखू कामगारांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून काम केले आणि त्यांच्या लघवीतील निकोटिन व कोटिनिन मोजले. कोटिनिन म्हणजे शरीरात निकोटिनचे रूपांतर होऊन बनणारा पदार्थ. तो रक्तात निकोटिनपेक्षा बराच जास्त काळ टिकतो, म्हणून शरीरात किती निकोटिन गेले याचा माग त्याच्यावरून काढता येतो.

उपाय साधे आहेत. दव उडाल्यावर कापणीला सुरुवात करावी. हातात पाणी न शिरणारे मोजे घालावेत. भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत, लगेच बदलावेत. काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. गर्भवती बाईने आणि मुलांनी ओल्या पिकात जाऊच नये. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही बाधा उन्हाचा झटका किंवा कीटकनाशकाची विषबाधा समजली जाण्याची शक्यता फार मोठी असते, आणि या तिन्हींचे उपचार सारखे नाहीत. म्हणून आईला दवाखान्यात नेताना ‘ओल्या तंबाखूत काम केले होते’ हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगा, आणि शेजारच्या शेतात फवारणी झाली असेल तर तेही सांगा. ज्यांना तंबाखूचे व्यसन आहे त्यांच्या शरीराला निकोटिनची सवय झालेली असते, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी जाणवतो. व्यसन नसलेल्या बाईलाच तो जास्त होतो. ‘आम्हाला कसे काही होत नाही?’ असे विचारणाऱ्या पुरुषांना हे उत्तर द्यायला हवे.

आता वाणाचा प्रश्न. यातील गोंधळाचे मूळ असे की निकोटिन आणि नायट्रोसामाइन ही नावे एकाच दमात घेतली जातात. निकोटिन झाड स्वतः बनवते, आणि तेही पानात नव्हे, मुळांत. तिथून ते पाण्याबरोबर वर चढते आणि पानांच्या पेशींत साठते. शेंडा खुडल्यावर पानातील निकोटिन वाढते, हे तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असेल. त्यामागचे कारण हेच आहे: शेंडा तुटल्याचा संदेश मुळांपर्यंत पोहोचतो आणि तिथले उत्पादन वाढते. नायट्रोसामाइन मात्र हिरव्या पानात जवळपास नसतेच. ते कापणीनंतर, आपल्या हातून, वाळवताना, आंबवताना आणि साठवताना तयार होते. माझ्या मते तंबाखूच्या रसायनशास्त्रात शेतकऱ्याला कळायलाच हवी अशी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

ते असे घडते. नत्र खताचा काही भाग पानात नायट्रेटच्या रूपात उरतो. पान पिवळे पडून तपकिरी होत असताना त्याच्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो, आणि पानावरचे जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट निकोटिन आणि त्याच्या भाऊबंद अल्कलॉइडांशी संयोग पावले की तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामाइने तयार होतात. त्यातली दोन सर्वांत घातक आहेत. नॉरनिकोटिनपासून बनणाऱ्याला एनएनएन म्हणतात आणि मुख्यतः निकोटिनपासून बनणाऱ्याला एनएनके. संशोधक डायट्रिश हॉफमन, स्टीफन हेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न जळलेल्या तंबाखूत एनएनएन असल्याचे 1974 मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी धूर नाही म्हणजे कर्करोगकारक पदार्थही फारसे नसतील, असा समज होता. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एनएनएन आणि एनएनके या दोघांनाही मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी याही त्याच गटात आहेत.

तुमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीच्या बोलण्याला आधार असलेले संशोधन खरे आहे, हे आधी मान्य करतो. पान पिकत असताना निकोटिनचा काही भाग बदलून त्याचे नॉरनिकोटिन होते. साधारण झाडात हा वाटा लहान असतो, पण काही झाडांत बहुतेक निकोटिन असे बदलून जाते आणि अशी झाडे चांगल्या वाणातही पिढीगणिक नव्याने उपजत राहतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील राल्फ ड्यूई यांच्या गटाच्या सहभागाने 2005 मध्ये या बदलाला मुख्यतः जबाबदार असलेले जनुक, सीवायपी82ई4, ओळखले गेले. ते आणि त्याच्या जोडीची दोन जनुके निकामी झालेली झाडे निवडली तर नॉरनिकोटिन अगदी कमी राहते आणि त्यामुळे एनएनएनही घटते. हे काम सुंदर आहे. रोपपैदाशीच्या विद्यार्थ्यांनी ते अभ्यासावे असेच आहे.

पण त्यावरून ‘सुरक्षित’ हा शब्द निघत नाही. एनएनके मुख्यतः निकोटिनपासून बनते, नॉरनिकोटिनपासून नाही. त्यामुळे हे जनुक काढल्याने त्याला फारसा धक्का लागत नाही. नायट्रेट, जिवाणू आणि साठवणीतली ऊब तशीच राहिली तर उरलेले अल्कलॉइड पुन्हा त्याच वाटेने जातात. तंबाखू मातीतील कॅडमियम हा विषारी धातू पानात खेचून घेते, त्याच्याशी या जनुकाचा संबंध नाही. आणि तुमच्या भागातला माल मोठ्या प्रमाणावर विडीसाठी जातो. विडी जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझोपायरीनसारखी संयुगे जळण्यातूनच निर्माण होतात. कोणतेही पान जाळा, ती होणारच. टेंभुर्णीच्या पानाचे वेष्टन हवा कमी जाऊ देते, म्हणून विडी विझू नये यासाठी ओढणाऱ्याला वारंवार झुरके घ्यावे लागतात. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला वाणातील एका जनुकाने संरक्षण मिळेल, असे म्हणणे विज्ञानाच्या नावावर केलेली अतिशयोक्ती आहे.

नायट्रोसामाइन कमी करण्याचे जे प्रयत्न प्रत्यक्षात यशस्वी झाले, त्यातले काही बियाण्यापेक्षा प्रक्रियेत झाले आहेत. अमेरिकेत भट्टीत तंबाखू वाळवताना गॅसची ज्योत थेट कोठीत पेटवली जात असे आणि ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पानाला लागत. 2000 च्या सुमारास ज्योत आणि पान वेगळे ठेवणारी उष्णता-विनिमय यंत्रे बसवल्यावर तिथल्या पानातील नायट्रोसामाइन झपाट्याने खाली आले. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवण्याची ‘स्नूस’ नावाची तंबाखू आंबवण्याऐवजी उष्णतेची प्रक्रिया करून बनवतात, त्यामुळे जिवाणू मरतात. नंतर ती थंड जागी ठेवतात. ओलसर तपकीर 37 अंश सेल्सिअसला काही आठवडे ठेवली तर तिच्यातील नायट्रोसामाइन वाढते, हे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या वखारीत किंवा उन्हातल्या टपरीवर ही स्थिती निर्माण करायला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. म्हणून पानाचा नमुना कापणीनंतर लगेच घेतला की वखारीत महिनोन्‌महिने राहिल्यावर घेतला, हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. एकाच गठ्ठ्यातील पानांचे दोन वेगवेगळ्या महिन्यांतले निकाल माझ्यासमोर आले तेव्हा सुरुवातीला मला माझ्याच मोजमापाची शंका आली होती; पुन्हा मोजल्यावर कळले की मोजमाप ठीक होते, पानच बदलले होते.

आकड्यांचे अंतर किती असू शकते ते पाहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2017 मध्ये असा प्रस्ताव मांडला की धूरविरहित तंबाखूत कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला 1 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक एनएनएन नसावे. तो प्रस्तावच राहिला. भारतातील बाजारात मिळणाऱ्या धूरविरहित तंबाखूचे इरिना स्टेपानोव्ह, स्टीफन हेख्ट, मुंबईचे डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकारी यांनी केलेले विश्लेषण 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खैनी, जर्दा यांसारख्या प्रकारांच्या काही छापांत एनएनएन दर ग्रॅमला 1.74 पासून 76.9 मायक्रोग्रॅमपर्यंत सापडले. म्हणजे वरचा आकडा त्या प्रस्तावित मर्यादेच्या 70 पटींहून अधिक होता. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील 21.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. ज्या देशात इतके लोक ही वस्तू तोंडात ठेवतात, तिथे पुडीवर एनएनएनचा आकडा छापलेला नसतो, याची मला अनेक वर्षांपासून खंत आहे. नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे 2019 मध्ये तंबाखू तपासणीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा सुरू झाल्या. त्यांच्या निकालांवर आधारलेली मर्यादा ठरावी, असे माझे ठाम मत आहे. अशी मर्यादा आली तर ती कमी नायट्रोसामाइनच्या वाणांनाही योग्य जागा देईल: घातक वस्तूतील घातकपणा थोडा उतरवण्याचे एक साधन, एवढीच ती जागा.

इथे कुणी म्हणेल, पानातले विष घटले तर माणसाला होणारा अपाय घटणारच, त्यात शंका कसली? शंका इतिहासामुळे येते. सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रे पाडून धुरात हवा मिसळली की यंत्रावर मोजलेला टार आणि निकोटिनचा आकडा खाली येई, आणि त्या सिगारेटी ‘लाइट’ म्हणून विकल्या जात. माणूस मात्र यंत्रासारखा ओढत नाही. त्याला सवयीइतके निकोटिन हवे असते, म्हणून तो खोल झुरके घेतो, छिद्रे नकळत बोटांनी वा ओठांनी झाकतो, किंवा एखादी सिगारेट जास्त ओढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2001 मध्ये या विषयावरच्या पुराव्याचा आढावा घेतला, तेव्हा अशा सिगारेटींमुळे लोकांच्या आरोग्याला लाभ झाल्याचे दिसले नाही. दशकानुदशके लाखो लोकांनी सोडण्याऐवजी ‘हलकी’ ओढली. त्यामुळे वनस्पतीत एखादे संयुग घटले, की मी तीन गोष्टी पाहतो: ते विक्रीच्या दिवशीच्या मालातही घटलेले आहे का, वापरणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश घटले का, आणि त्याने वापर वाढवला तर नाही ना. शेवटी रोग घटला का, याचे उत्तर मिळायला तर वीस-तीस वर्षे लागतात. बियाण्याच्या पत्रकात यांपैकी पहिल्या प्रश्नाचेही उत्तर असेलच असे नाही.

निकोटिनच कमी करण्याची वाट वेगळी आहे, आणि तिच्यामागचा विचार मला अधिक पटतो. नील बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफिल्ड या संशोधकांनी 1994 मध्ये मांडले की सिगारेटमधील निकोटिन इतके उतरवावे की व्यसन लागणे आणि टिकणेच कठीण व्हावे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर ग्रॅम तंबाखूत 2.4 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी निकोटिन असलेल्या सिगारेटी दिलेल्या लोकांनी सहाव्या आठवड्यात नेहमीच्या निकोटिनच्या गटापेक्षा कमी सिगारेटी ओढल्या. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर ग्रॅमला 0.7 मिलिग्रॅमची मर्यादा प्रस्तावित केली. अशी सिगारेटही जळते आणि तिचाही धूर विषारीच असतो. हेतू एवढाच की माणूस तिच्याकडे परत परत ओढला जाऊ नये.

आता वडिलांचा प्रश्न. तंबाखू मळताना चुना का लागतो, याचे उत्तर रसायनशास्त्रात सरळ आहे. निकोटिन दोन रूपांत असते. आम्लाशी जोडलेले रूप तोंडाच्या त्वचेतून सहज आत जात नाही, मोकळे रूप जाते. पीएच (आम्लता-अल्कतेचे माप; आकडा जितका मोठा तितकी आम्लता कमी) 7 असेल तर सुमारे 9 टक्केच निकोटिन मोकळे असते, 8 ला निम्मे, आणि 9 ला सुमारे 91 टक्के. चुन्याने पीएच 9 च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. चिमूट तेवढीच राहते, पण रक्तात एकदम उसळून जाणारे निकोटिन कितीतरी वाढते. वडिलांना बिनचुन्याची तंबाखू ‘लागत नाही’ त्याचे कारण हे. शिवाय चुना गालाची आतली त्वचा सोलवटतो, आणि त्याच जागी एनएनएन तासन्‌तास टेकून राहते.

निकोटिनच्या गममध्येही निकोटिन असते, मग फरक काय? गममधील निकोटिन शुद्ध केलेले असते आणि औषधाच्या दर्जाने तपासलेले असते; तंबाखूच्या पानाबरोबर येणाऱ्या नायट्रोसामाइनच्या तुलनेत त्यात ते नगण्य असते. निकोटिन व्यसन लावते, नाडी आणि रक्तदाब वाढवते, मोठ्या मात्रेत विषारी आहे, आणि कोवळ्या वयातल्या मेंदूसाठी व गर्भासाठी घातक आहे. हे सर्व खरे आहे. मात्र तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाचे मुख्य ओझे त्याच्यावर टाकता येत नाही. तोंडाने निकोटिन घेणाऱ्या काही लोकांच्या शरीरात किंचित एनएनएन तयार होत असल्याची निरीक्षणे आहेत. त्यामुळे गम वर्षानुवर्षे चघळत राहण्याची वस्तू नाही, ती तंबाखूतून बाहेर पडण्यापुरती वापरायची. ‘60 मिलिग्रॅम निकोटिनने माणूस मरतो’ हा पाठ्यपुस्तकांत फिरणारा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या संशयास्पद प्रयोगांवर बेतलेला होता, आणि खरी घातक मात्रा त्याहून बरीच जास्त असावी, असे ऑस्ट्रियातील बेर्न्ड मायर यांनी 2014 मध्ये साधार दाखवले. तरीही लहान मुलाच्या हाती गम, त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी किंवा तंबाखूची पुडी लागू देऊ नये. त्याच्यासाठी थोडी मात्राही गंभीर ठरते.

गम कसा चघळायचा हे फार थोड्यांना सांगितले जाते, आणि तिथेच तो वाया जातो. तो चिकलेटासारखा सतत चावायचा नसतो. तोंडात चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये थांबवावा, चुरचुर संपली की पुन्हा थोडा चावावा. थुंकीबरोबर गिळलेले निकोटिन मोठ्या प्रमाणात यकृतात नष्ट होते, पोटात जळजळ मात्र होते. गम चघळण्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी, ताक, सरबत टाळावे, कारण आंबट तोंडात वर सांगितलेले गणित उलटे फिरते. 2 आणि 4 मिलिग्रॅमपैकी कोणता गम घ्यायचा हे डॉक्टरांनी ठरवावे, विशेषतः वडिलांना हृदयविकार किंवा तोंडात आधीच पांढरा चट्टा असेल तर. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा व्रण तीन आठवड्यांत भरत नसेल तर गमचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. धूरविरहित तंबाखू सोडवण्यात गम आणि पट्टीचा पुरावा सिगारेट सोडवण्यातल्या पुराव्याइतका भक्कम नाही. समुपदेशन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले व्हॅरेनिक्लीन हे तंबाखू सोडवण्याचे औषध यांचा पुरावा त्याहून चांगला आहे. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठीच्या मदत क्रमांकावर, विनामूल्य बोलता येते. पहिला फोन वडिलांनी स्वतः करावा, तुम्ही फक्त शेजारी बसा.

घरात कुणी मशेरी लावत असेल तर त्याचीही चौकशी करा, कारण बायकांच्या बाबतीत तिला तंबाखू मानलेच जात नाही. मुंबईतील 1,217 गर्भवती स्त्रियांच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. डॉ. प्रकाश गुप्ता त्या अभ्यासाचेही एक लेखक होते.

ई-सिगारेटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी थोडक्यात: 2019 च्या कायद्याने भारतात तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे. चोरट्या मालात काय भरले आहे हे कुणीच तपासलेले नसते, म्हणून तंबाखू सोडण्याचा मार्ग म्हणून वडिलांसाठी तिचा विचार करू नका.

प्रतिनिधी पुन्हा आला की त्याला तीन कागद मागा. एनएनएन आणि एनएनके या दोघांचे वेगवेगळे आकडे, एकत्रित बेरीज नको. नमुना कोणत्या प्रकारे वाळवलेल्या पानाचा आणि वाळवल्यानंतर किती दिवसांनी घेतला त्याची नोंद. आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचे नाव. त्याचे वाण उत्पादनाला आणि रोगप्रतिकाराला चांगले असेल तर त्या गुणांवर तुलना करून निर्णय घ्या. निपाणीच्या कृषी संशोधन केंद्रात विडी तंबाखूच्या वाणांची माहिती मिळेल. पेरलेत तर नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नका आणि वाळलेला माल ओलसर, उबदार जागी दाबून ठेवू नका. वाण जुने असो वा नवे, एवढे तुमच्या हातात आहे. आणि येत्या कापणीला आईसाठी मोज्यांचे निदान दोन जोड आणा, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा घालता येईल.